मधली जागा कोणाची?

एका छत्रीत किती उपग्रह मावतात, या प्रश्नाची साताऱ्यात आमच्या गल्लीत दोन उत्तरं मिळतात. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर म्हणतात, तीन तरी. त्यांच्याच वर्गातून दहावी झालेला आणि आता एस.टी. स्टँडच्या मागं डिश-सीसीटीव्हीचं दुकान चालवणारा फिटर म्हणतो, एक. कुणी फारच गळ्यात पडलं तर दोन. पण मग पावसात फोन करायचा नाही.

वाद जुना आहे. सरांच्या गच्चीवर साठ सेंटीमीटरची एक छत्री आहे, ती दूरदर्शनच्या फ्री डिशसाठी ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे लावलेली. काकूंच्या मालिका मात्र पैसे भरून येतात, ८८ अंशांवरून, आणि त्यासाठी शेजारी दुसरी छत्री होती. ती वळवाच्या वाऱ्यात वाकली. सरांनी ठरवलं की नवी घ्यायची नाही, आहे तिच्याच दांड्यावर दुसरा एलएनबी, म्हणजे छत्रीने गोळा केलेली लहर झेलणारं डबडं, बसवायचा. जमलं तर ८३ अंशांसाठी तिसराही. फिटरला निरोप गेला. दिवस सरांनी मुद्दाम निवडला होता, ऑक्टोबरची पहिली तारीख, आणि वेळ सकाळी साडेनऊची. मी शेजारी म्हणून वर गेलो आणि दुपारपर्यंत खाली उतरलो नाही.

"सर, मीटर आणलाय," फिटर पिशवी उघडत म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. एवढ्या सकाळी कशाला बोलावलंत? दुकान बंद ठेवून आलोय."

"मीटर राहू दे पिशवीत. आज सूर्यानं लावायचं आहे."

"काय?"

"बस. चहा घे. पावणेदहाला पहिला येईल."

सरांनी एक कागद पुढे केला. त्यावर पाच ओळी होत्या. १०८.२ अंश, ९ वाजून ४६ मिनिटं. ९५ अंश, १०:४६. ९३.५ अंश, १०:५३. ८८ अंश, ११:१९. ८३ अंश, ११:४१.

"ही एस.टी.ची वेळ हाय का?"

"सूर्याची आहे. आणि एस.टी.पेक्षा वेळेवर येतो तो."

मग सरांनी जे सांगितलं ते त्यांनी वर्गात कधी सांगितलं नसावं, कारण फिटरसुद्धा चहा विसरून ऐकत राहिला. टीव्हीचे उपग्रह सगळे विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाची फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतक्याच वेळात पुरी होते, म्हणून तो आपल्याला एका जागी खिळलेला दिसतो. आर्थर क्लार्कने १९४५ च्या ऑक्टोबरात 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात हे मांडलं, तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता. आता तिथे माळ लागली आहे. सातारा विषुववृत्ताच्या उत्तरेला, साडेसतरा अंशांच्या थोडा वर. त्यामुळे ही माळ आपल्याला खगोलीय विषुववृत्तावर न दिसता तीन अंश दक्षिणेला सरकलेली दिसते. आणि सूर्य? तो २३ सप्टेंबरच्या सुमाराला विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघतो. आठवडाभरात तीन अंश खाली येतो.

"म्हणजे आजच्या दिवशी," सर म्हणाले, "सूर्य सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या माळेवरूनच चालत जातो. एकेका उपग्रहाच्या पाठीमागून. वर्षातून दोनदाच. मार्चमध्ये बारा-तेरा तारखेला, आणि आत्ता."

"ते 'सन आउटेज' ना? आम्हाला मेसेज येतात कंपनीचे. गिऱ्हाईकाला सांगा, सेटिंगला हात लावू नका म्हणून."

"तुम्हाला त्यात तक्रार दिसते. मला त्यात फुकटचा सर्वेअर दिसतो."

सरांची युक्ती अशी. छत्री म्हणजे एक वाटोळा आरसाच, फक्त प्रकाशासाठी घासलेला नाही. उपग्रहाकडून येणारी लहर जिथे गोळा होते, तिथेच त्या दिशेने येणारं ऊनही गोळा होणार. छत्रीचा रंग राखाडी, खरखरीत, म्हणून ऊन विखुरतं. तसं नसतं तर एलएनबीचं प्लास्टिक वितळलं असतं. सरांनी काकूंच्या भरतकामाच्या डब्यातल्या आरशाच्या टिकल्या घेऊन छत्रीच्या पत्र्यावर सात-आठ ठिकाणी चिकटवल्या होत्या. काम झालं की काढायच्या, हे त्यांनी दोनदा बजावलं. आता सूर्य ज्या क्षणी एखाद्या उपग्रहामागे असेल, त्या क्षणी सगळ्या टिकल्यांचे कवडसे जिथे एकत्र येतील, ती त्या उपग्रहाच्या एलएनबीची जागा. कागद धरायचा, पेन्सिलीने खूण करायची.

"आणि ढग आले तर?" फिटर.

"उद्या. परवाही चालेल. थोडा फरक पडेल, पण तुझ्या क्लॅम्पमध्ये त्याहून जास्त ढिलाई असते."

हा टोमणा फिटरने ऐकून घेतला. १०८.२ ची वेळ आली तेव्हा कवडसे दांड्याच्या उजव्या अंगाला, बऱ्याच लांब आणि जरा वर, एका ठिपक्यात जमण्याऐवजी लांबट पसरले होते. सर खूश नव्हते. फिटर होता.

"बघा. एवढ्या कडेला गेलं की असं होतंय. फाटतंय ते. हेच सिग्नलचं होतं. मधोमध एक ठिपका, कडेला नुसता शेपटा. म्हणून मी म्हणतो, एक छत्री, एक उपग्रह."

"१०८ मला नकोच आहे."

"तुम्हाला नको. पण गिऱ्हाईक म्हणतं, सगळंच एकात बसवा."

इथे मला फिटरची बाजू घ्यावीशी वाटली, कारण ती कुणी लिहीत नाही. या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक हौशी लोकांचं असतं, आणि हौशी माणूस चित्र आलं की उठतो. फिटरचं काम चित्र आल्यावर सुरू होतं. साताऱ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो, आणि घाटाकडच्या गावांत तो नुसता असत नाही, कोसळतो. फ्री डिश काय किंवा पैसे भरायच्या सेवा काय, सगळ्या केयू बँडवर चालतात, अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या आसपास. त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटर, आणि पावसाचे मोठे थेंब त्या चांगल्याच शोषतात, विखुरतात. म्हणून छत्री लावताना कोरड्या दिवशी जरुरीपेक्षा जास्त सिग्नल हाताशी ठेवावा लागतो. ती शिल्लक पावसात खर्च होते. एलएनबी मधून कडेला सरकवला की तीच शिल्लक आधी कमी होते. कोरड्या दिवशी टीव्हीवर काही फरक दिसत नाही, कारण डिजिटल चित्र एकतर येतं किंवा तुटतं. जुन्या अँटेनासारख्या मुंग्या दाखवून आधी सांगत नाही.

"तुम्हाला कळतंय ना, पोतं कुणाच्या डोक्यावर पडतंय ते?" फिटर मला म्हणाला. "ऑक्टोबरात लावलं, झकास. जुलैत फोन येणार, दादा, चित्र अडकतंय. स्लॅबवर शेवाळ. मी वर चढायचं, ओल्यात. आणि पैसे कुणी देत नाही, कारण 'तूच लावलंयस'."

"बरोबर आहे," सर म्हणाले. मला वाटलं नव्हतं ते एवढ्या लगेच मान्य करतील. "मग छत्री मोठी घे. साठऐवजी नव्वद. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. कडेला गेल्यानं जे जातं ते त्यातून भरून निघेल, वर थोडं उरेल."

"वारा पण सव्वादोन पट धरणार की ती."

"स्टे लाव."

"आणि नेम? नव्वदीची छत्री जरा हलली तरी सिग्नल गेला. साठीची बिचारी सांभाळून घेते."

ही गोष्ट फिटर अनुभवावरून बोलला, पण तिच्यामागे पक्कं गणित आहे आणि ते बहुतेकांच्या समजुतीच्या उलटं आहे. मोठ्या छत्रीला जास्त आकाश दिसत असेल असं आपल्याला वाटतं. तिला कमी दिसतं, पण जे दिसतं ते नेमकं. साठ सेंटीमीटरच्या छत्रीची नजर केयू बँडवर साधारण तीन अंशांची, नव्वदीची दोन अंशांची. म्हणून एक गंमत साठीच्या छत्रीवर जमते आणि नव्वदीच्या छत्रीवर बिघडते: ९३.५ आणि ९५ अंशांवरच्या उपग्रहांत अंतर फक्त दीड अंशाचं, तेव्हा नेम दोघांच्या मधोमध धरला तर एकाच एलएनबीत दोघेही सापडतात. एका बाजूला फ्री डिशचा जीसॅट-१५, दुसऱ्या बाजूला एसईएस-८. (हा दुसरा २०१३ च्या डिसेंबरात स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटाने वर नेला, त्या कंपनीने भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सोडलेला तो पहिला उपग्रह.)

"हे तू स्वतः लावून दिलंयस," सरांनी पकडलं. "वाड्यातल्या त्या मुलाकडे. एक छत्री, एक एलएनबी, दोन उपग्रह. आणि मला सांगतोस एकाला एक!"

"दिलंय," फिटर हसला. "पण दोघंही अर्धपोटी ठेवून दिलंय. त्याला सांगितलं होतं, पाऊस आला की खिडकीतून पाऊस बघ."

तेवढ्यात पावणेअकरा झाले. कवडसे एव्हाना दांड्याच्या टोकाकडे सरकत आले होते. सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडे, वर आणि उजवीकडे चढत होता. कवडसा त्याच्या उलट, उजवीकडून डावीकडे आणि खाली. आरशाचा न्याय. ज्याला दोन एलएनबी लावायचे आहेत त्याने एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी निम्मी खटपट वाचते: छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे पाहा, जो उपग्रह उजवीकडे आणि उंच, त्याचा एलएनबी दांड्यावर डावीकडे आणि खाली. ८८ अंश साताऱ्याहून ९३.५ पेक्षा चार अंश उंच आहे. नवशिके तो उजवीकडे वर शोधत बसतात आणि मग बॉक्सला शिव्या देतात.

दुसरी फसगत उंचीची. ९३.५ अंशांचा उपग्रह इथून क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर आहे, आग्नेयेला. छत्री मात्र त्याहून बरीच खाली बघत असल्यासारखी दिसते. कारण या छत्र्या अख्ख्या वाडग्याच्या नसतात, एका बाजूच्या तुकड्याच्या असतात. एलएनबीची सावली पत्र्यावर पडू नये म्हणून दांडा खालून येतो, आणि छत्री दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर बघत असते. आंब्याची फांदी आड येते की नाही हे छत्रीच्या तोंडावरून ठरवू नये. सरांच्या हिशोबात त्याचंही उत्तर होतं: आज ठरल्या वेळी अख्ख्या पत्र्यावर ऊन असेल, तर उपग्रह आणि छत्री यांच्यामध्ये काहीही नाही. होकायंत्राची गरज नाही. तसं आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नाव घेण्याजोगा फरक नाही, पण स्लॅबमधल्या सळ्या सुईला हवं तसं नाचवतात.

१०:५३. कवडसे एलएनबीच्या पांढऱ्या टोपणावर येऊन थांबले. सगळे एकावर एक. टोपण पेटल्यासारखं दिसलं.

खालून काकूंचा आवाज आला, "अहो, सह्याद्रीचे तुकडे पडायला लागले!"

"पडू दे!" सर वरून ओरडले, आणि माझ्याकडे वळले. "सूर्य नुसता प्रकाश देत नाही, रेडिओ लहरींचा गोंगाटही करतो. तो थेट उपग्रहाच्या पाठीशी आला की छत्रीला दोघे वेगळे करता येत नाहीत. पाच-सात मिनिटं थांबा."

फिटरच्या खिशात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. "हां, काकी. नाही नाही, काही बिघडलं नाही. सूर्य हाय मागं. सूर्य... अहो सूर्य. वरचा. थोडा वेळ बंद ठेवा." फोन ठेवून तो म्हणाला, "आता ह्यांना कसं समजवायचं? तुम्ही शाळेत शिकवायला पाहिजे होतं हे."

"शिकवलं होतं. तू मागच्या बाकावर होतास."

सव्वाअकरापर्यंत मोकळा वेळ होता आणि त्यात मुद्दा भलतीकडे गेला. निमित्त छत्रीवरचं कंपनीचं नाव. वाकलेल्या छत्रीवर एका कंपनीचं बोधचिन्ह होतं आणि सर तीच सरळ करून वापरता येईल का बघत होते. फिटर म्हणाला, "सर, ती कंपनीची छत्री. त्यात दुसऱ्याचं लावलं की कंपनी म्हणते वॉरंटी गेली."

"पत्र्याला कंपनी कसली? पत्र्याला परवलय माहीत असतं. ८३ वरून येवो नाहीतर ८८ वरून."

इथे मी सरांच्या बाजूचा. डीटीएच म्हणून जे आपल्याकडे आलं ते कुलपांसकट आलं, आणि कुलूप बॉक्समध्ये आहे, छत्रीत नाही. २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांत बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडेही चालावा, अशी अट होती. घरोघरी बॉक्स बदलताना ती अट कुणाच्या कामी आलेली मी पाहिलेली नाही. बॉक्सचं एक वेळ समजू शकतं, त्याच्या आत सांकेतिक कळ असते आणि पैसे न भरता ती उघडावी असं सरांचंही म्हणणं नाही. पण छत्री, दांडा, वायर यांच्यावरही नाव रंगवून लोकांना असं पटवलं गेलं की छत्रीची जातच वेगळी असते. एका इमारतीच्या गच्चीवर पंचवीस छत्र्या, त्यातल्या वीस एकाच दिशेने बघणाऱ्या, आणि तरी प्रत्येकाची वेगळी. हा खर्च कुणाच्या हिशोबात दिसत नाही.

"तुझ्या चुलत्यानं काय केलं होतं?" सर फिटरला म्हणाले. "केबलचा धंदा होता ना त्याचा. किती छत्र्या होत्या?"

"दोन. बारा फुटी, जाळीच्या. पोरं त्यावर पतंग अडकवायची."

"दोन का?"

"एक स्टारसाठी, एशियासॅटवर. एक खेळांच्या चॅनलसाठी, दुसऱ्या बाजूला."

"एशियासॅट-१, १०५.५ अंश. आणि पॅनॅमसॅट-४, ६८.५ अंश. एक आग्नेयेला, एक दक्षिणेच्या जरा पश्चिमेला. सदतीस अंशांचं अंतर, एका छत्रीत बसणंच शक्य नव्हतं म्हणून दोन. कंपनी वेगळी म्हणून नव्हे."

एशियासॅट-१ ची जन्मकथा या गच्चीवर सांगायला हरकत नव्हती, आणि सरांनी सांगितली. मूळचा तो वेस्टार-६. १९८४ मध्ये चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी शटलच्या अंतराळवीरांनी तो धरून परत खाली आणला, डागडुजी झाली, आणि १९९० च्या एप्रिलात चिनी लाँग मार्च रॉकेटावर बसून पुन्हा वर गेला. आपल्याकडच्या खाजगी टीव्हीची सुरुवात त्याच्यावरून झाली: १९९१ ला स्टार, १९९२ च्या ऑक्टोबरात झी.

"त्याच्या आधी १९७५ ला," सर पुढे म्हणाले, "उपग्रहावरून गावांत टीव्ही दाखवायचा, साईटचा प्रयोग. सहा राज्यांतली २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता. छत्र्या कसल्या होत्या माहीत आहे? कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तीन मीटरची. कुणाचं नाव नव्हतं त्यावर."

"सरकारी होत्या ना पण," फिटर म्हणाला. "बिघडल्या की सरकार यायचं. माझं बिघडलं की मीच."

सर त्यावर काही बोलले नाहीत. मला वाटतं, या वादातलं खरं दुखणं तेच. एका छत्रीत अनेक उपग्रह बसवणं हा भूमितीचा प्रश्न आहे आणि तो सुटतो. युरोपात १३ आणि १९.२ अंशांच्या दोन उपग्रहांसाठी दोन तोंडांचा तयार एलएनबी दुकानात मिळतो, दोन आरशांची अशीही छत्री मिळते की जी चाळीस अंशांचा पट्टा एका जागी बसून बघते. पण तिथे आणि इथे फरक पडतो तो तडजोडीची किंमत कोण मोजतो यात. हौशी माणूस स्वतःच्या गच्चीवर स्वतः मोजतो. फिटर दुसऱ्यांच्या पन्नास गच्च्यांवर मोजतो.

११:१९ ला कवडसे दांड्याच्या डावीकडे, जरा खाली जमले. कडेला असूनही ठिपका चांगला गोळा झाला होता. सरांनी कागदावर फुली मारली आणि पट्टी लावली. पहिल्या एलएनबीच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटर.

फिटरने पिशवीतून नवा एलएनबी काढून शेजारी धरला आणि काही न बोलता सरांकडे पाहिलं. एलएनबीचं तोंडच जवळजवळ सहा सेंटीमीटर रुंद. दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती.

"हे तुमच्या कागदात नव्हतं."

"नव्वदीवर हेच अंतर साडेसात होईल. बसेल."

"नव्वदी नाही ना. आहे ती साठी. गंमत बघा, ८३ चा एलएनबी इथं आरामात बसंल, लांब आहे म्हणून. पण त्याला सिग्नल मिळणार नाही, लांब आहे म्हणूनच. आणि ८८ ला सिग्नल मिळंल, तर जागा नाही." मग त्याने दुसरी पिशवी उघडली. बारीक मानेचा एक एलएनबी बाहेर आला. "म्हणून हा आणलाय. मला माहीत होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सूर्य लावत होता."

आता फिटरची पाळी होती. त्याने बारीक एलएनबी फुलीच्या जागी क्लॅम्पमध्ये धरला, वायर मीटरला जोडली. मीटरवर सिग्नल दिसला, सरांचा चेहरा उजळला, आणि फिटर म्हणाला, "थांबा. ही स्ट्रेंथ हाय. क्वालिटी बघा." क्वालिटीची पट्टी अगदी खाली होती. बॉक्सवरच्या या दोन पट्ट्यांनी किती लोकांना चकवलंय त्याला गणती नाही. स्ट्रेंथ म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय एवढंच. एलएनबी भिंतीकडे तोंड करून धरला तरी ती दिसते. कामाची ती क्वालिटी.

"जागा तर बरोबर आहे," सर म्हणाले.

"जागा बरोबर हाय. पीळ चुकलाय." फिटरने एलएनबी मनगटाने हळूहळू स्वतःभोवती फिरवला, घड्याळाच्या काट्यासारखा, आणि क्वालिटीची पट्टी चढत गेली. "सूर्यानं तुम्हाला हे सांगितलं का?"

सूर्याला ते सांगता येत नाही. उपग्रह एकाच वारंवारतेवर दोन प्रक्षेपणं पाठवू शकतो, एक आडवं, एक उभं, आणि एलएनबीने ती वेगळी ओळखायची असतात. पण उपग्रहाचं 'उभं' विषुववृत्ताला धरून असतं. तो आपल्या डोक्यावरून जितका पूर्वेला, तितकं ते आपल्याला कललेलं दिसतं. साताऱ्याहून हिशोब केला तर ९३.५ साठी हा कल सेहेचाळीस अंशांचा येतो, म्हणजे आडवं आणि उभं यांच्या जवळपास मधोमध. एलएनबी सरळ ठेवला तर त्याला दोन्ही सारखीच ऐकू येतात, म्हणजे धड एकही नाही. ८८ साठी सदतीस, ८३ साठी सव्वीस. एकाच दांड्यावरचे तीन एलएनबी, तिघांचा पीळ वेगळा. सूर्याचा प्रकाश सगळ्याच दिशांनी कंप पावतो, त्याला उभं-आडवं नाही. सरांनी हे सगळं मला समजावून सांगितलं खरं, पण फिटरने एलएनबी फिरवल्यानंतर.

"ह्याला मीटरच लागतो," फिटर म्हणाला. "नाहीतर माझं मनगट."

"मान्य," सर म्हणाले. "पण जागा शोधायला तुला मीटरनं किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं." मग जरा थांबून, "पण अशी दिसली नसती."

राहिला प्रश्न मधल्या जागेचा. छत्रीच्या मधोमध एकच एलएनबी बसू शकतो. दुसरा कडेचा, आणि पावसात आधी जाणार तो कडेचा. जाणकारांचा नियम सोपा आहे: ज्याचा सिग्नल अशक्त, त्याला मध्ये बसवा, सशक्त आहे त्याला कडेची जागा सोसते. लोक नेमकं उलट करतात, जो आधीपासून झकास दिसतोय त्याला धक्का लावत नाहीत. सरांचा तिसराच विचार होता. मध्ये कुणीच नको. छत्रीचा नेम ८८ आणि ९३.५ यांच्या मधोमध धरायचा, दोघेही तीन-तीन अंश कडेला.

"म्हणजे पावसात दोघंही एकदमच जाणार," फिटर म्हणाला. "एक असा ठेवा की जो शेवटपर्यंत टिकंल. घरात काहीतरी चालू राहिलं पाहिजे."

"मग ९३.५ राहू दे मध्ये. बातम्या लागतात. पूर आला, घाट बंद झाला, तर सह्याद्रीवर कळतं."

काकू चहाचे कप न्यायला वर आल्या होत्या. त्यांनी दांड्यावरच्या दोन एलएनबींकडे पाहिलं. "ह्यातला माझा कुठला?"

"हा कडेचा," फिटर म्हणाला आणि लगेच सरांकडे बोट केलं. "मी नाही, सरांनी ठरवलं."

"महिन्याला पैसे मी भरते आणि मला कडेला? फुकटचं बसवलंय मध्ये?"

"अगं, अंतर तेच आहे," सर म्हणाले. "मधलं आणि कडेचं यांची अदलाबदल केली तरी पाच सेंटीमीटर तेवढेच राहतात, फक्त ९३.५ चा एलएनबी उजवीकडे आणि वर जाईल. पण अख्खी छत्री सहा अंश फिरवावी लागेल, आणि माझ्या फुल्या सगळ्या..."

"मग फिरवा."

सरांनी सूर्याकडे पाहिलं. तो ८८ सोडून बराच पुढे, ८३ च्याही जवळ आला होता. फिटरने पाना काढला, मागचा बोल्ट सैल केला आणि मीटर गळ्यात अडकवला. "काकू, जुलैत तुमची मालिका चालू राहील आणि सरांच्या बातम्या जातील. तेव्हा फोन सरांनी करायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवा."

"आणि ८३?" सर म्हणाले. "त्याची वेळ अजून पाच मिनिटांनी आहे. खूण तरी करून ठेवू."

"सर, ८३ ला दुसरी छत्री. आणि तिचे पैसे आधी."